पेशंटमामांची दाढ

पेशंटमामांची दाढ आमच्या बॅचने निदान पन्नास वेळा तरी उपटली असेल. तोंडातली खरी दाढ मात्र त्यांनी कुणाला बघूसुद्धा दिली नव्हती. ती किडून काळी पडली होती, अधूनमधून गाल सुजायचा, आणि मामा तिथे लवंग धरून चक्क डेंटल कॉलेजात मजेत नोकरी करत होते.

वर्ध्याजवळच्या आमच्या कॉलेजात मामा प्रयोगशाळेचे शिपाई होते. तिथे आभासी दवाखाना आला आणि मामांचं नशीब उघडलं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की खुर्ची, दिवा, ट्रे, पेशंट, सगळं समोर हजर. दुसऱ्या कुणीतरी तसाच चष्मा घालून त्या पेशंटचा अवतार चालवायचा आणि त्याच्या वतीने बोलायचं. आधी हे काम आम्ही विद्यार्थीच करायचो. पण आम्ही भलतेच गुणी पेशंट, सुई दिसायच्या आत आ वासायचो. शेवटी वैतागून आमच्या मॅडमनी एक दिवस मामांनाच चष्मा घातला.

मामांनी सगळ्यात आधी चपला काढल्या. आतली फरशी इतकी चकचकीत दिसत होती की चपलांनिशी जाणं त्यांना बरं वाटेना. मग त्यांनी आरशात आपला अवतार पाहिला. गोरापान चेहरा, सूटबूट आणि तोंडभर दात.

"हे बत्तीसच्या बत्तीस कोनाचे हायेत, मॅडम? असे दात असते तं मी इथं आलो असतो काऊन?"

त्यांच्या हट्टापायी अवताराला पांढरा सदरा, टोपी आणि किडकी दाढ मिळाली. त्या दिवशी एका मुलाने "थुंका" म्हटल्याबरोबर मामा डावीकडे वळून खरोखरच थुंकले. मग चष्मा काढून मुकाट्याने फडकं घेऊन आले, कारण ती फरशी पुसणंही त्यांचंच काम होतं.

पेशंट म्हणून मामा महाबिलंदर. "सुई केवढी हाय, दाखवा पाहू." "थांबा, बायकोले इचारून येतो." आज रात्री भाकर खाता येईल का, यावर त्यांनी एकाला इतकं पिडलं की तो बिचारा दाढ काढायचीच विसरला. आम्ही भिंतीला टेकून पोट धरून हसायचो.

पण मॅडमचा नियम कडक होता. मामा 'पास' म्हणेपर्यंत कुणी खऱ्या पेशंटला हात लावायचा नाही. माझं घोडं इथेच अडलं. मी तळेगावची, वर्गात पहिली येणारी. पुस्तकातलं काहीही विचारा, धडाधडा सांगेन. माणूस समोर आला की मात्र कधी एकदाचं उरकतंय असं व्हायचं. दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा सुई बरोबर जागी दिली, दाढ अख्खी निघाली. खुशीत चष्मा काढला, तर मामा नकारार्थी मान हलवत होते.

"नाई जमलं, डॉक्टरबाई."

"का? दाढ तर निघाली!"

"दाढ निघाली. मी तीनदा हात वर केलता, तो दिसला का तुमाले?"

दिसला नव्हता. मी फक्त दाढ पाहत होते. बॅचमधली एकटी मीच मागे राहिले होते, मला रडूच कोसळलं. मामांनी स्टूल जवळ ओढलं. लहानपणी बाजारात एकाने त्यांचा दात उपटला होता, ते सांगू लागले. मामा हात वर करत राहिले आणि तो माणूस हसत राहिला.

"दुखलं ते मी इसरून गेलो. तो थांबला नाई, ते नाई इसरलो. हात वर झाला का थांबजा, बाई. दाढ काई पळून नाई जात."

चौथ्या वेळी मी त्यांच्या हातावरची नजर हलवलीच नाही. हात जरा उचलला की मी थांबे. शेवटी मामाच कंटाळले. "आता नाक तरी खाजवू देसान का नाई?" आणि चष्मा काढून व्हरांड्यातून ओरडत गेले, "तळेगाव पास!"

यंदा मामा निवृत्त झाले. मी तेव्हा इंटर्नशिपला होते. निरोपाचा कार्यक्रम उरकून, गळ्यातल्या हारासकट ते ओपीडीत आले आणि केसपेपर माझ्यापुढे ठेवून खुर्चीत बसले. कपाळावर घाम होता.

"आज खरा पेशंट हाय."

मी सुई दाखवली, काय करणार ते सांगितलं. आरसा उचलला, तोच हात वर. मी आरसा खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा हात वर. मी पुन्हा थांबले.

"काई नाई," मामा म्हणाले, "थांबता का नाई, ते पाहून राह्यलो होतो." आणि त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं.

दाढ निघाली. मी कापसाचा बोळा ठेवून अर्धा तास बोलायचं नाही म्हणून बजावलं. मी वळून हात धुवायला निघाले, तेवढ्यात त्यांचा हात पुन्हा वर गेला. आता थांबवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी सवयीने मी थांबले आणि काय हवंय ते पाहायला वाकले.

तो हात माझ्या डोक्यावर आला.