बाळंतपणाचा कायदा आणि आमची मंडळी

किस्से कुणी गोळा करत नाही हो, चर्चच्या पायरीवरच्या वहाणांसारखे ते आपोआप साठतात! आमच्या सोलापूरच्या मंडळीत त्या वर्षी नुसता ढीग झाला. हसायचो खरे, पण घरची काळजी होतीच. धाकटी बहीण रूथ गिरणीत कामाला, नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि तिला दिवस गेलेले. तिची नोकरी गेली असती तर चूलच विझली असती.

*

मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या कायदेमंडळात, बिल आलं होतं: गिरणीतल्या बाईला बाळंतपणात रजा आणि भत्ता. उपासना संपली की लिंबाखाली त्यावर वाद. आमचे वकीलसाहेब म्हणाले, "दया मनातून यावी. कायद्यानं करायला लावली तर ती दया कसली?"

पाळकसाहेब तापले. "शेताची कड गरिबांसाठी सोडा, ही बायबलात मोशेची आज्ञा होती. विनंतीअर्ज नव्हता तो!"

तेवढ्यात दीनाआजी बोलली. गिरणीतल्या योहान मुकादमाची ही आई, सत्तरी उलटलेली, कधीची विधवा. "वकीलसायेब, तुमी कदी बाळंत झालाय का?"



*

कायदा यायच्या आत पोटुशा बायकांना काढून टाकणार, अशी गिरणीत कुणकुण होती. रूथ लुगडं सैल नेसायची, डबा पोटाशी धरून गेटातून जायची. एकदा योहाननं हटकलंच.

"पोट काय गं एवढं?"

"मंद्रूपच्या बाजारातला हरभरा लई खाल्ला की!"

तो हसला म्हणे.

*

आमच्याकडे रीत अशी, की दिवस गेलेल्या बाईचं नाव प्रार्थनेत घ्यायचं आणि तिनं उभं राहायचं. पाळकसाहेब भोळे. डोळे मिटून म्हणाले, "प्रभो, आमच्या भगिनी रूथला सुखरूप मोकळी कर."

मागच्या बाकावर योहान! रूथ जागची हलली नाही. पाळकसाहेबांना वाटलं, हिला ऐकूच गेलं नाही. त्यांनी दुप्पट मोठ्यानं नाव घेतलं!

*

उपासना सुटताच मी योहानला गाठलं. तो म्हणाला, "मास्तर, गिरणीच्या सायबानं पोटुशा बायांची नावं मागितल्यात. नुसतं ऐकलेलं मी धरत न्हाय. पण उभी राहिलेली डोळ्यांनी बघितली, तर खोटं कसं बोलू? बाप्तिस्मा झालाय माजा!"

"तुझ्या बाप्तिस्म्यापायी माझी बहीण उपाशी मरेल रे!" मी ओरडलो. त्यानं मान खाली घातली, पण शब्द काही फिरवला नाही.

मग रूथला विनवलं, "पुढच्या रविवारी उभी राहू नकोस." ती रडायलाच लागली. "दादा, दोन लेकरं गेली माजी. हे तरी प्रार्थनेबिगर नगं."



*

रविवार उजाडला. पाळकसाहेबांनी या वेळी कुणाचं नाव घेतलं नाही. "ज्या भगिनींना दिवस गेले आहेत, त्यांनी उभं राहावं."

रूथ उभी राहिली. योहान तिच्याकडेच बघत होता.

आणि बायकांच्या पहिल्या रांगेत, गुडघ्यावर हात टेकत, कण्हत कण्हत दीनाआजी उठली.

"पाळकसायेब, माजं बी नाव घ्या. सातवा हाय!"

मग मागं वळून लेकाला म्हणाली, "योहान, नीट बघितलंस न्हवं? जा, सांग तुज्या सायबाला."