पासंग

आडनाव वेगळंच होतं, पण गल्ली त्यांना मोकळेशेठ म्हणे. साखर तोलता तोलता ते गिऱ्हाइकाला ऐकवत, "बाजार मोकळा सोडा. तो आपला तोल आपोआप सांभाळतो. सरकारनं नाक खुपसलं की बिघडतो."

त्यांच्या तराजूची दांडी किंचित वाकडी, मालाचं पारडं वर राही, म्हणून वडिलांनी त्याच्या बुडाला सुतळीने एक लोखंडी नट बांधला होता. हा पासंग. सुतळी कुजली की शेठ ती बदलत आणि पुन्हा आपोआप सांभाळल्या जाणाऱ्या तोलावर बोलू लागत.

मग समोर काचेच्या दाराचं दुकान उघडलं. भाव कमी. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली. त्यांत शेठचा सख्खा मेव्हणाही.

"बाजार मोकळा आहे ना, दाजी," तो पिशवी सावरत म्हणाला.

दुकानाला टाळं लागायची वेळ आली तेव्हा शेठ वजनमापाच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबाला त्यांनी जन्मभर फुकट्या म्हटलं होतं.

"समोरच्याच्या मापात घोळ आहे. तपासा."

"आम्ही नाक खुपसायचं?"

"जरासं," शेठ म्हणाले.

साहेब आले. समोरचं यंत्र चोख निघालं. मग ते रस्ता ओलांडून इकडे आले, कारण तपासायची तर सगळ्यांचीच मापं.

शेठ निर्धास्त होते. "बघा की. ती यंत्रं माझ्या काट्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत."

साहेबांनी वाकून सुतळी सोडली. नट गल्ल्यावर ठेवला. रिकामी पारडी डुचमळली, थबकली, आणि काटा मधोमध उभा राहिला.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही साखरेबरोबर नटही विकत घेत होतो," जमलेल्या बघ्यांतून मेव्हणा म्हणाला.

शेठनी आतल्या दारात उभ्या बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"जुनी दांडी मोडून नवी आणलीत, तेव्हाच म्हटलं होतं, आता नट काढा. तुम्ही म्हणालात, चाललंय त्यात हात घालू नकोस."

साहेबांनी दंड घेतला, काट्यावर शिक्का मारला.

गेलेली गिऱ्हाइकं परतली नाहीत. दुसऱ्या दिवशी आली ती फक्त शेजारची म्हातारी. रस्ता ओलांडणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं.

"आज बाजारावर काही बोलत नाहीस?"

"तोलतोय, मावशी."

डावा हात मात्र सवयीने पारड्याखाली गेला. तिथे काहीच नव्हतं.