दहा मेचा मोगरा

आज दहा मे. संध्याकाळी मोगऱ्याच्या कुंडीतल्या तापलेल्या मातीत पाणी ओतलं आणि त्या वासासरशी मी थेट १९५७च्या मुलुंडला पोचलो.

त्या दिवशी अठराशे सत्तावन्नच्या उठावाची शताब्दी होती. मैदानात सभा होती आणि आमच्या चाळीतला पहिला बी.ए. म्हणून भाषण माझं. पण आईला जाऊनही त्याच दिवशी वर्ष झालं होतं. गिरणीतून आलेले बाबा चाळीमागे तिच्या मोगऱ्याला पाणी घालत होते. ती गेल्यापासून त्यांनी त्याची एक कळी कुणाला तोडू दिली नव्हती.

“मी नाही जात,” मी म्हटलं.

“थंय आठवण काढूक सगळो गाव आसा. हिची काढूक मी आसंय. तू जा रे झिला.”

“तुम्ही एकटेच बसणार?”

“बी.ए. झालस तरी प्रश्न संपनत नाय तुझे!”

मग त्यांनी स्वतःच ओंजळभर कळ्या तोडून माझ्या खिशात घातल्या. भाषणात काय बोललो ते आठवत नाही. खिशात कळ्या उमलत होत्या, एवढं आठवतं.

तेव्हा वाटलं, बाबा मला मान देताहेत. आता कळतं, त्यांना तिच्याजवळ एकटं बसायचं होतं. आज मलाही बसायचंय, त्या दोघांजवळ.