दोन शंखांच्या मध्ये

संध्याकाळचा पहिला शंख वाजला की आमच्या बेटावरच्या गावात कुणी उभं राहत नाही. सगळे आपापल्या घरात, चटईवर मांडी घालून प्रार्थनेला. दुसरा शंख होईपर्यंत अंगणात पाऊल टाकायचं नाही. टाकलंच, तर गावच्या प्रमुखांना एक डुक्कर दंड.

माझी आजी, फुआटिनो, या नियमाची पक्की. चार वर्षांपूर्वी दोन शंखांच्या मध्येच शेजारच्या घरातून तिच्या धाकट्या बहिणीची, सिएनीची, हाक आली. "ताई, पडले गं. उठव मला." आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. हाक स्पष्ट ऐकू आली. आजी बसून राहिली. दुसरा शंख झाला तशी धावली, तेव्हा सिएनीआजीचा पुढे केलेला हात गार पडत चालला होता.

तेव्हापासून रोज त्याच वेळी आजीला ती हाक येते.

"आज आली?" मी विचारायचे.

"आली. चिडत नाही गं ती. तेच सोसवत नाही."

यंदा आजीचे गुडघे गेले. दवाखान्याची नर्स गावात आली, म्हणाली, "आजी, हात न टेकता उठून दाखवा बघू."

"आधी तू दाखव."

नर्स उठली. तिचाच गुडघा कडकन वाजला. विणायला बसलेल्या बायका चटईवर लोळून हसल्या. मग आजीची पाळी. अर्ध्यावर आली आणि धपकन बसली. पुन्हा तेच. कुणी हसलं नाही.

बाबांनी खुर्ची आणली. "प्रमुख खाली बसणार आणि मी त्यांच्या डोक्यावर? तूच बस त्यात," आजी म्हणाली. रात्री मी जेवण वाढताना मात्र तिनं माझं मनगट धरलं. "रुता, तेव्हा उठता येत होतं, उठले नाही. आता उठायचंय, तर..."

रोज दुपारी सगळे पेंगले की ती सराव करायची. आधी एक गुडघा, मग दुसरं पाऊल, दात आवळून.

परवा प्रार्थना चालू असताना चटई करकरली. मी डोळे उघडले. आजी उभी होती. खांबाला हात न लावता. बाबांचा आवाज अडखळला, पण प्रार्थना थांबली नाही. कुणी बाहेर पडू नये म्हणून प्रमुखांनी रस्त्यावर पहाऱ्याला बसवलेल्या पोरांपैकी एकानं हात वर केला आणि तसाच खाली घेतला. आजी अंगण ओलांडून सिएनीआजीच्या रिकाम्या घरात गेली, आणि तिथे, त्या जागेवर, खाली बसली.

मग हाक आली.

"रुता, उठता येत नाहीये गं. उठव मला."

बाबांनी डोळे आणखी घट्ट मिटले. दुसरा शंख व्हायचा होता.

मी उठले. अंगणातून धावत गेले, आजीचे दोन्ही हात धरून तिला ओढलं. आजी काटकुळी, वाऱ्यानं उडेल अशी. पण माझ्या हातांना आलेला भार एका बाईचा नव्हता.