विजूचा पाचवा तुकडा

विजू गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं, तिसरा तास संपून चौथा सुरू होण्याच्या मधल्या दोन मिनिटांत. मोबाइलवर एक चित्र आलं होतं. चारी बाजूंनी झेंडूची चौकट, मधे कुणाच्या तरी लग्नातून कापून घेतलेला तिचा फोटो, शेजारच्या बाईचा अर्धा खांदा तसाच राहिलेला. खाली मजकूर : लाऊडस्पीकरवाले आबांची कन्या, सुनीलभाऊंची मोठी बहीण विजया हिचं अल्पशा आजारानं निधन, गंधमुक्ती अमुक वारी, धुळ्याच्या राहत्या घरी. बापाची मुलगी आणि भावाची बहीण. त्रेपन्न वर्षं जगलेल्या बाईनं स्वतः काय केलं, हे लिहायला त्या चौकटीत जागा नव्हती. मी चौथ्या तासाला गेले, आठवीच्या मुलांना समास शिकवला आणि घरी, जळगावच्या पिंप्राळ्याला, येताना स्कूटर भर रस्त्यात दोनदा बंद पाडली... रडू आलं नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि या लेखात तो जागोजागी दिसला तर वाचकांनी समजून घ्यावं. त्यातला मोठा वाटा माझा स्वतःचाच आहे.

आम्ही धुळ्याला कॉलेजात एका बाकावर बसायचो. तिच्या वडिलांचं, आबांचं, लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. लग्न, सभा, गणपती, उरूस, सगळीकडे आबांचेच भोंगे. धाकट्या सुनीलला दुकानात बसायचा कंटाळा. विजू मात्र दहावीपासूनच अँप्लिफायर उघडून बसायची, झाळकामाच्या धुरानं डोळे लाल करून घ्यायची. पण गिऱ्हाईक आलं की आबा तिला आत पाठवायचे. दुरुस्ती विजूची, आणि आबा सांगणार, "सुनीलनं करून दिलंय, बिनघोर न्या." वाईट माणूस नव्हता तो. पोरीनं दुरुस्त केलेली वस्तू लोक लग्नाला नेणार नाहीत, असं त्यांना मनापासून वाटायचं. विजू पडद्यामागून ते ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी मला सांगताना हसायची. मला त्या वयातही त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

लग्न होऊन ती एरंडोलला गेली आणि दोन वर्षांत परत आली. का आली, हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आबा गेल्यावर सुनीलनं खाली मोबाइलचं दुकान काढलं, आणि विजूनं वरच्या खोलीत एक ऑर्गन आणि एक कॉम्प्युटर मांडला. आपल्याकडच्या लग्नांत, हळदीत ज्या अहिराणी गाण्यांवर वऱ्हाड नाचतं, त्यांतल्या कितीतरी गाण्यांचं संगीत त्या खोलीत तयार झालं. गाणारे पुरुष यायचे, "अक्का, अक्का" करत पेन ड्राइव्ह भरून न्यायचे. गाण्याखाली नाव गायकाचं, नाचणाऱ्याचं, कॅमेरावाल्याचं, एकदा तर ज्याच्या शेतात शूटिंग झालं त्याचंही. विजूचं नाव कधीच नाही. मी भडकायचे. ती म्हणायची, "जाऊ दे गं, ही त्यांची गाणी आहेत. माझं मी वेगळं करतेय."

ते वेगळं करायला तिला सहा वर्षं लागली. 'दुपारचे आवाज' असं नाव ठेवलं होतं. सात तुकडे. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, नाचायचा ठेका नाही. धुळ्याच्या उन्हाळ्यातल्या दुपारी तिनं छोट्या यंत्रावर आवाज टिपून आणले होते : कूलरमधलं पाणी, कापसाच्या जिनिंगमधली सरकी, माइक सुरू करून कुणी बोलायच्या आधीची ती घूं... आणि त्या आवाजांना ताणून, पिळून, थरावर थर चढवून तिनं त्याचं संगीत केलं होतं. घरातल्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. एका गायकानं पहिली दोन मिनिटं ऐकली आणि विचारलं, "अक्का, गानं कव्हय सुरू व्हई?" हा किस्साही ती हसूनच सांगायची. अशी हसली की मला तिचा फार राग यायचा.

पूर्ण झाल्यावर तिनं वीस-बावीस पेन ड्राइव्ह विकत घेतले आणि जवळच्या माणसांना स्वतः नेऊन दिले. मला द्यायला बसनं पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला आली. मी असोद्याच्या वांग्यांचं भरीत केलं होतं. जेवताना ती एवढंच म्हणाली, "मंगल, घाई नाही. पण सगळं एकदम ऐक. मधे उठू नकोस." मी हो म्हटलं. त्या आठवड्यात पेपर तपासायचे होते. मग मुलीची ॲडमिशन आली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. एकदा भांडी घासताना लावलं, पहिला तुकडा अर्धा झाला, कुकरची शिट्टी झाली, बंद केलं. खोटं कशाला बोलू? मला ते कंटाळवाणं वाटलं. तिच्या नावासाठी आबांशी, गायकांशी मनातल्या मनात भांडणारी मी, तिचं काम ऐकायला मला पाऊण तास सापडला नाही.

दोन महिन्यांनी एका लग्नाला धुळ्याला गेले तेव्हा तिच्याकडे डोकावले. तिनं पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "पाचवा कसा वाटला?" मी मराठीची शिक्षिका आहे, न वाचलेल्या पुस्तकावर बोलायची मला सवय आहे. म्हटलं, "अगं, तोच तर सगळ्यात जमलाय. शेवट तर फारच सुरेख."

"शेवट?"

"हो ना. अंगावर काटा आला."

ती "बरं" म्हणाली आणि माझ्या मुलीच्या कॉलेजची चौकशी करू लागली. त्यानंतर चार वर्षं आम्ही फोनवर बोलत होतो, भेटत होतो. संगीताचा विषय तिनं माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. मला वाटलं, बरं झालं, खूळ उतरलं.

गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे सुतक फिटायच्या विधीला, घरासमोर मांडव होता. विजूच्या जिवावर गाजलेले दोन गायक पांढऱ्या कपड्यांत पहिल्या ओळीत बसले होते. त्यांतला एक उठून माइकवर म्हणाला, "अक्का आमच्या पाठीशी पहाडासारख्या उभ्या होत्या." उभी कुठली? पाठीमागे ठेवली होती तुम्ही तिला. मी बसल्या जागी हे पुटपुटले, शेजारच्या बाईनं मान वळवली. मग सुनीलला काय सुचलं कोण जाणे, "ताईचं स्वतःचं संगीत लावतो" म्हणून त्यानं पेन ड्राइव्ह दिला. भोंग्यातून घूं... असा आवाज सुरू झाला. मांडवाचा साउंडवाला धावला. वायर हलवली, पिन काढून पुन्हा खोचली, अँप्लिफायरवर थाप मारली आणि ओरडला, "सुनीलभाऊ, आर्थिंग नही भेटी ऱ्हायनं, घुमी ऱ्हायनं नुसतं!" सुनीलनं हातानंच 'राहू दे' केलं. साउंडवाल्यानं भजन लावलं. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या साउंडवाल्याला मी नावं ठेवणार होते, पण ती घूं विजूची होती की खरंच वायरचा दोष होता, हे मलाही ओळखता आलं नव्हतं. पस्तीस वर्षांची मैत्रीण मी...

त्या रविवारी सकाळी मी घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि पेन ड्राइव्ह लावला. पहिला, दुसरा. तिसऱ्यात सरकी पावसासारखी पडायला लागली आणि मी खरोखर हातातलं काम खाली ठेवलं. चौथा संपला. पाचवा सुरू झाला, आकडे पुढे सरकू लागले, आवाज काही येईना. वाटलं, हळू सुरू होत असेल. आवाज पूर्ण वाढवला. एक मिनिट, तीन मिनिटं, सात... अकराव्या मिनिटाला सहावा तुकडा एवढ्या मोठ्यानं सुरू झाला की मी दचकले. पेन ड्राइव्ह खराब झाला असणार, म्हणून दुसरी प्रत मागायला पुढच्या शनिवारी धुळ्याला गेले.

दार सुनीलच्या बायकोनं, उषानं उघडलं. मी काम सांगितलं. "ताई, तो खराब नही शे," ती म्हणाली. "पहिलेपाइन तसाच शे. अक्काकडथून एक बटन बंद ऱ्हायनं व्हतं. बठ्ठास्ले तसाच दिन्हा." म्हणजे सगळ्यांनाच तो मुका तुकडा गेला होता. मग तिनं सांगितलं ते असं. पाचव्या तुकड्यात यंत्रमागांचा आवाज होता. तो विजूनं मागाच्या मोहल्ल्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या हमीदाबींच्या घरी बसून टिपला होता. सर्वांना देऊन झाल्यावर एक पेन ड्राइव्ह त्यांनाही दिला. हमीदाबींनी नातवाच्या लॅपटॉपवर सगळं ऐकलं, आपलं मशीन कधी येतं याची वाट बघत. दुसऱ्या दिवशी चालत आल्या आणि म्हणाल्या, "बेटा, अपना मशीन तो बजाच नहीं." तेव्हा विजूला चूक कळली. वीस-बावीस जणांपैकी कुणीही तोवर ती सांगितली नव्हती. "बठ्ठास्नी छान शे, छान शे, आस सांगं," उषा म्हणाली. "मंग अक्का म्हने, मंगलले इचारस. ती सांगी."

मी त्याच आठवड्यात लग्नाला गेले होते. तिनं उभ्या उभ्याच विचारलं होतं.

दुरुस्त केलेला तुकडा तिनं परत कुणाला दिला नाही. हमीदाबींना मात्र घरी बोलावून ऐकवला. उषानं मला वरच्या खोलीत नेलं. ऑर्गनवर आबांच्या वेळचं धोतर धुऊन पांघरलेलं होतं. खुर्चीचा एक हात विजूच्या कोपरानं घासून गुळगुळीत झाला होता. मी त्या खुर्चीत बसले. उषाला कॉम्प्युटर लावता येत होता, हेही मला माहीत नव्हतं. माग सुरू झाले. आधी एक, लांबून, मग दहा, मग खोलीभर. त्यातून विजूचा सूर वर यायला धडपडत होता आणि येत नव्हता. मग त्या तुकड्यातच लाइट गेली, सगळे माग एकदम थांबले, आणि तो सूर उघडा पडला, इतका एकटा की मी पदर तोंडात धरला. लाइट परत येते, माग पुन्हा सुरू होतात, सुरू राहतात, राहतातच... अकरा मिनिटं मी उठले नाही. संपल्यावर डोळे पुसले आणि त्या खुर्चीतूनच, जणू ती बाजूला बसली आहे असं समजून, मोठ्यानं म्हणाले, "विजू, शेवट लांबलाय गं. दोन मिनिटं कमी करायला हवी होती."

उषा दारात उभी होती. ती म्हणाली, "अक्काबी तेच म्हने, ताई. कोनी सांगं तं कापसू, म्हने."