पहिली निवड, शून्य गोल

अनुपला ते शीट चार जणांना पाठवायचं होतं. ते गेलं एक्क्याण्णव जणांना.

चाळीसगावच्या शाळेत त्याला जन्मभर पुरेल इतकं गणित शिकवलं होतं, पण पाठवायच्या आधी वर ग्रुपचं नाव वाचावं, हे कुठल्याच इयत्तेत नव्हतं. क्रॉयडनच्या ट्राममध्ये एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने 'लीग कमिटी'ऐवजी 'लीग परिवार' दाबलं आणि फोन खिशात टाकला. स्टेशनवर उतरल्यावर काढून बघतो तर बासष्ट जणांचं वाचून झालं होतं. मग त्याने ते पुसलं. पुसल्यामुळे उरलेल्या एकोणतिसांना कळलं की काहीतरी वाचण्यासारखं होतं, आणि त्यांनी ते बासष्टांकडून मागवून घेतलं.

शीटचं नाव होतं, 'तोरणा संघ: मागील तीन वर्षांच्या निवडी व त्यांची जबाबदारी.' नाव अनुपनेच दिलेलं. शेवटच्या रकान्यात निष्कर्ष, आणि वाईट निष्कर्षाला लाल रंग. सगळ्यात वरची ओळ सगळ्यात लाल: मिलिंद, पहिली निवड, सामने नऊ, गोल शून्य. त्याच वेळी उपलब्ध असून न घेतलेला खेळाडू: वरद, गोल तेवीस. निष्कर्ष: अनाकलनीय.

हॅरोच्या मराठी मंडळींची ही उन्हाळी लीग. पस्तिशी-चाळिशीतले, बँकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे चाळीसेक पुरुष रविवारी सकाळी भाड्याच्या पिचवर सहा-सहा जणांचं फुटबॉल खेळतात आणि सोमवारी लंगडत मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडतात. संघ चार, नावं किल्ल्यांची. दर एप्रिलमध्ये खेळाडूंची नव्याने वाटणी होते. चारही संघांचे प्रमुख एका टेबलाभोवती बसतात आणि आळीपाळीने एकेक नाव घेतात. गेल्या वर्षी जो संघ तळाला, त्याला पहिलं नाव घ्यायचा मान. या प्रकाराला मंडळी ड्राफ्ट म्हणतात आणि संघप्रमुखाला जनरल मॅनेजर. आपल्याकडे पद मोठं असलं की मानधन नसलं तरी चालतं.

तोरण्याचे जनरल मॅनेजर होते रघुवीरकाका. वय सहासष्ट. आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. डोंबिवलीत शाळेच्या खो-खो संघात होते, तेही राखीव. इकडे आल्यावर एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, त्यांनी एकतीस वर्षं पार्किंगच्या दंडाविरुद्ध आलेले अर्ज वाचले. कुणाची बायको बाळंत होत होती, कुणाला पाटीच दिसली नाही, कुणाच्या कुत्र्याला झटका आला होता. रघुवीरकाकांनी वाचायचं आणि दंड ठेवायचा की सोडायचा ते ठरवायचं. ते सांगत, की खोटं कारण नेहमी लांबलचक असतं. खरं कारण दोन ओळींत संपतं, कारण खऱ्या माणसाला वाटतं की एवढं पुरे. त्यांच्या टेबलावरून जितके दंड माफ झाले तितके अख्ख्या मजल्यावरून झाले नाहीत, असं त्यांची बायको आसावरीकाकू सांगे, आणि ते कौतुकाने नव्हे.

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे मोठी गाडी आहे म्हणून त्यांना जाळ्या आणि चेंडू आणायला सांगितलं. पुढच्या वर्षी तोरण्याला कुणी प्रमुख मिळेना म्हणून त्यांनाच केलं. त्याला आठ वर्षं झाली. रविवारी सगळ्यांच्या आधी येत, घडीची खुर्ची उघडत, तिच्यावर बसत मात्र नसत. मध्यंतराला आलेपाकाच्या वड्या वाटत, आणि जिंकणाऱ्या संघालाही देत. मुलगी ऋजुता एडिनबराला डॉक्टर. घरात दोघंच. काकू म्हणायच्या, की आमच्याकडे सोमवार ते शनिवार असे सहा दिवस रविवारची वाट बघण्याचे असतात.

तर या काकांचा तोरणा तीन वर्षं ओळीने तळाला होता. म्हणजे तीन वर्षं पहिलं नाव घ्यायचा मान त्यांचा, आणि तरीही तळ. तक्रार खेळाडूंचीच होती. लीगचा अध्यक्ष नंदू माणूस सरळ, त्याने लीगच्या नोंदी ठेवणाऱ्या अनुपला म्हटलं की नुसती कुजबुज नको, आकडे काढ, मग कमिटी ठरवेल की तोरणा काकांकडे ठेवायचा की नाही. आकडे म्हटलं की अनुपच्या अंगात येतं. गेल्या वर्षीची पहिली निवड देव, तो दोन सामन्यांनंतर नोकरी बदलून एडिनबराला गेला. अनुपने तेही काकांच्याच नावावर लाल करून टाकलं. माणूस कधी नोकरी बदलेल हे आधी कळायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं नव्हतं. रकाना रिकामा दिसत होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीनाक्षीवहिनींचा नागपूरहून फोन आला. मिलिंदची बायको. मिलिंद दोन वर्षांपूर्वीच कुटुंबासह परत गेला होता, पण ग्रुपमध्ये होता. मंडळ सुटतं, ग्रुप सुटत नाही.

वहिनी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर अनुपला सोपं गेलं असतं. त्यांनी क्रमाने सांगितलं. मिलिंदने ते शीट जेवताना वाचलं, फोन पालथा ठेवला, आणि विचारलं, "काकांनी मला पहिलं का घेतलं होतं गं?"

कारण वहिनींना माहीत होतं. त्या वर्षी मार्चच्या शेवटी मिलिंदची नोकरी गेली होती. व्हिसा नोकरीवर, म्हणजे साठ दिवसांत दुसरी स्पॉन्सर कंपनी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. त्याने घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ऑफिसचा शर्ट घालून निघायचा आणि संध्याकाळपर्यंत लायब्ररीत अर्ज भरत बसायचा. बोलणं बंद, जेवण अर्धं. वाटणीच्या आदल्या दिवशी वहिनी काकूंच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि काकांना म्हणाल्या, की सध्या त्याला सगळीकडून नकार येतोय, शेवटी उरला म्हणून कुणी घेतलं असं उद्या होऊ देऊ नका. एवढंच मागितलं. पहिलं घ्या असं त्यांनीही म्हटलं नव्हतं.

काकांनी पहिलं घेतलं. समोरच्या संघाने हसू दाबत वरदला उचललं. त्या संध्याकाळी मिलिंद कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला. नोकरी काही मिळाली नाही. नऊ सामने खेळून ते परत गेले.

वहिनी म्हणाल्या, "इथे तो काय सांगतो माहितीये तुला? चाळीस जणांत मला पहिलं घेतलं होतं. पाहुणे आले की सांगतो. तिकडून आम्ही दुसरं काही आणलं नाही रे, अनुप. मी त्याला म्हटलं, तू चांगला खेळायचास म्हणून घेतलं. तर म्हणाला, नऊ सामन्यांत शून्य, अनुपने लिहिलंय."

हे कुणाला सांगू नकोस, तू काय केलंस ते तुला कळावं म्हणून सांगितलं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी अनुप काकांकडे गेला. जाताना ट्रेनमध्ये त्याने माफीचं भाषण तयार केलं होतं, तीन परिच्छेदांचं. ते तो दारातच विसरला, कारण काकांनी आधी चहा घेणार का विचारलं आणि मग त्याच्या शीटमधली एक चूक दाखवली: मिलिंदने नऊ नाही, दहा सामने खेळले होते, एक पावसात अर्धा सोडला होता. अनुपने घाईघाईने आपला बेत सांगितला. उद्या कमिटीत खरं कारण सांगू, नावनिशी नाही, नुसतं खासगी अडचण होती म्हणू. नंदूदादा समजून घेईल. तोरणा तुमच्याकडेच राहील.

काकांनी कप बशीत ठेवला.

"म्हणजे मिलिंदला कळेल, की काकांनी कीव केली."

"पण काका, चूक तुमची नव्हतीच ना."

"होती की. तोरण्यात बाकीचे नऊ जण होते. तेही आठवडाभर राबून येतात, त्यांनाही एखादा सामना जिंकावासा वाटतो. त्यांच्या खिशातून मी दान केलं, त्यांना न विचारता. ऑफिसात दंड माफ करायचो, तोही कौन्सिलचा, माझा कुठे होता? तू लाल केलंस ते बरोबरच आहे. वरदलाच घ्यायला हवं होतं."

ओट्यापाशी काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. आणि आता ह्यांना रविवारी घरात सांभाळायचं मी." मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, मिलिंदचं आता कसं चाललंय. अनुपने मीनाक्षीवहिनींकडून ऐकलं होतं ते सांगितलं. काकूंनी नळ सोडला. तो बराच वेळ चालू राहिला.

रविवारी सामने संपल्यावर कमिटी बसली. शाळेचा वर्ग भाड्याने घेतलेला, त्यामुळे खुर्च्या सात वर्षांच्या मुलांच्या. चार मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन न्याय करायला बसली होती. अनुप वही घेऊन कोपऱ्यात. नंदूने देवचा विषय स्वतःहूनच बाजूला टाकला, माणूस गाव सोडून गेला यात काकांचा काय दोष. तिसऱ्या वर्षीचीही निवड ठीक होती, म्हणाला, नशीब वाईट. आजचं बघून कालच्याला दोष देणं सोपं असतं. पण मिलिंदचं तसं नव्हतं. त्या दिवशी, त्या टेबलावर, सगळ्यांना दिसत होतं की वरद चांगला आहे. मग?

"काका, काही खासगी कारण असेल तर तसं म्हणा नुसतं," नंदू म्हणाला. "आम्ही पुढे विचारणार नाही. शीट बाजूला ठेवतो."

एक शब्द पुरे होता. अनुपने काकांकडे बघितलं. काकांनी बघितलं नाही.

आणि काका बोलायला लागले. मिलिंदच्या डाव्या पायाबद्दल बोलले. आदल्या हिवाळ्यात हॉलमध्ये त्याला खेळताना बघितलं तेव्हा तो चेंडू कसा अडवायचा, मग अंग कसं वळवायचा, मग डोंबिवलीत असाच एक खो-खोवाला होता, तो दिसायला जड पण फिरायला भोवरा. वरद वेगवान खरा, पण वेगावर आपला विश्वास नाही, संघाला मधे एक शांत माणूस लागतो. पाच-सहा मिनिटं बोलले. आठ वर्षांत ते फुटबॉलवर एवढं कधी बोलले नव्हते. अनुप लिहीत होता, आणि दुसऱ्या पानावर गेल्यावर त्याचा हात थांबला. हा अर्ज काकांच्या टेबलावर आला असता, तर पहिल्या चार ओळींत त्यांनी ओळखला असता.

नंदूने डोळे चोळले. "म्हणजे काका, तुम्हाला खरंच तो सगळ्यात चांगला वाटला."

"हो."

"म्हणजे नजर चुकली."

"नजर चुकली," काका म्हणाले. "लिही, अनुप."

अनुपने लिहिलं. तोरणा पुढच्या रविवारपासूनच वरदकडे द्यायचा ठरलं, त्याचं वय लहान, आकड्यांची समज चांगली. काकांचे आभार मानून टाळ्या झाल्या. उठताना काकांना त्या खुर्चीतून निघता येईना, नंदूने हात दिला. दाराशी त्यांनी अनुपला गाठून सांगितलं, की इतिवृत्त कमिटीच्या ग्रुपवर नको, या वेळी मोठ्या ग्रुपवर टाक. आणि डाव्या पायाचं सगळं लिही, कापू नकोस.

त्याने सगळं टाकलं. संध्याकाळपर्यंत नुसत्या वाचल्याच्या खुणा वाढत होत्या. मग नागपूरहून मिलिंदचा मेसेज आला: "काकांची नजर बरोबर होती. माझा गुडघा चुकला." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, डावा की उजवा. मिलिंदने उत्तर दिलं, काकांना विचारा, त्यांनाच जास्त माहिती.

काकांनी ते नुसतं वाचलं. अनुपने तपासलं.

पुढच्या आठवड्यात तो उरलेल्या जाळ्या आणि चेंडू आणायला त्यांच्या घरी गेला. काका मागच्या बागेत होते. काकूंनी सांगितलं, की परवापासून शेड आवरतायत, एकच शेड, तीन वेळा आवरून झाली. ते आत आले तेव्हा अनुपच्या तोंडाशी ते सॉरी आलं होतं. तेवढ्यात काकांनी विचारलं, तोरणा काल किती गोलांनी हरला. दोन, असं त्याने सांगितलं. "बरं आहे," काका म्हणाले, "सुधारतोय," आणि पिशव्या गाडीपर्यंत आणून द्यायला निघाले. गाडीत सामान ठेवेपर्यंत सॉरी परत आत गेलं होतं. काकूंनी निघताना स्टीलचा डबा हातात दिला, कोथिंबीरवड्यांचा, एकटा राहतोस, तळून घे म्हणाल्या.

वड्या त्याच रात्री संपल्या. डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, एवढं चाळीसगावात शिकवतात. म्हणून त्याने एकदा पेढे आणले, ते सोमवारी स्वतःच खाल्ले. मग एकदा शिरा करून बघितला, तो काकूंना दाखवण्यासारखा झाला नाही. ऑक्टोबरात कळलं की दोघं मुलीकडे एडिनबराला गेलीत, महिनाभर तरी तिकडेच. म्हणजे डबा भरायला अजून वेळ आहे, असं अनुप म्हणतो, आणि चहाचं भांडं ठेवायला तो जरा बाजूला सरकवतो.