खुर्चीवरचा बेडूक

माझ्या मामाला शाळेतून दोनदा घरी पाठवलं होतं. एकदा खिशात सरडा होता म्हणून, आणि एकदा तो सरडा खिशात उरला नव्हता म्हणून. पुढे तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागला, लग्न केलं आणि घरातली अंघोळीची बादली कासवाला देऊन टाकली. मामी म्हणायची, "लग्न मी एकट्याशीच केलं होतं. वऱ्हाड नंतर येत राहिलं."

दर रविवारी सकाळी तो रेडिओवर मुलांसाठी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा, तोही थेट. नियम दोन. आवाज खरा ऐकवायचा. आणि चूक काढणारं पत्र आलं तर ते शब्द न गाळता वाचायचं. त्यामुळे बिस्किटांच्या डब्यांतून रातकिडे वगैरे मंडळी स्टुडिओत यायची. काचेपलीकडचे तंत्रज्ञ पाय वर घेऊनच काम करायला शिकले होते. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर मी.

एका रविवारी बेडकाची पाळी होती. मामा ऐटीत म्हणाला, "ऐका हं, मुलांनो!" बेडूक मूग गिळून गप्प. रेडिओवर दहा सेकंद शांतता पडली की घरोघरी लोक रेडिओला थपडा मारतात. मामाची तंतरली. त्याने डोळे मिटले, माइकवर वाकला आणि स्वतःच डराव डराव करून मोकळा झाला. डोळे उघडले तर डबा रिकामा! बेडूक पळाल्याचं त्याने मामीलाही सांगितलं नाही.

'आजवरचा सगळ्यात छान बेडूक!' अशी पत्रं आली. तंत्रज्ञांकडून खरा प्रकार कळला तरी रेडिओ केंद्राचे साहेब खूश. "बघा, प्राण्यांवाचून काही अडलं? यापुढे आवाज तुम्हीच काढा. पुन्हा स्टुडिओत प्राणी आला, तर कार्यक्रम बंद."

मामाला अन्न गोड लागेना. "पोरांना फसवलं गं मी," तो मला म्हणाला. मला वाटलं, एवढ्याशा बेडकाचं काय घेऊन बसलाय!

त्यात नऊ वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं. 'तुमच्या बेडकाने मधे दम खाल्ला. आमच्या विहिरीवरचे खात नाहीत, मी रोज ऐकते. शिवाय त्याची खुर्ची करकरली. बेडूक खुर्चीवर बसतो का?'

"ते पत्र खिशातच राहू द्या," साहेबांनी बजावलं आणि रविवारी काचेमागे हाताची घडी घालून उभे राहिले. मामाने एकदा काचेकडे पाहिलं. पण त्याने पत्र वाचलं, खुर्चीसकट. म्हणाला, "तिचं बरोबर आहे. तो बेडूक मीच होतो. चुकलो."

आणि एसीचं पाणी ठिबकायचं त्या कोपऱ्यातल्या बादलीतून आवाज आला. डराव! डराव!

साहेब लाल झाले. हा तेव्हा पळालेलाच बेडूक, अशा मामाने नंतर कितीही शपथा घेतल्या तरी कोणी ऐकेना. बेडूक पुन्हा बेपत्ता. आठवडाभरात तीनशे पत्रं आली, सगळी रागाची. माफी मागता मागता पुन्हा तेच? साहेबांचा हिशेब वेगळा. इतकी मुलं ऐकतात म्हटल्यावर कार्यक्रम बंद करायची त्यांची छाती झाली नाही. मामा मात्र पार खचला. ज्या दिवशी खरं बोलला, त्याच दिवशी तो खोटा ठरला होता. मला पहिल्यांदाच त्याची चेष्टा करवेना.

शनिवारी एक पोस्टकार्ड आलं. पुढे वीस वर्षं ते त्याच्या पाकिटात होतं. त्यावर एवढंच होतं: 'आजचा खरा होता. खुर्ची गप्प होती.'